टेप रेकॉर्डरने सही करावी का?

«ताई, मी मूळची इचलकरंजीची. पहिलीपासून इंग्रजी माध्यम, मग इंग्रजीत एम.ए., मग दोन वर्षं एका ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर. गेल्या एप्रिलमध्ये जपानला आले. ओकायामा प्रांताच्या उत्तरेला डोंगरात एक छोटं गाव आहे. तिथल्या दोन प्राथमिक शाळा आणि एक मिडल स्कूल, तिन्हीकडे मी ‘ए.एल.टी.’, म्हणजे इंग्रजीची सहायक शिक्षिका. नेमणूक एका कंपनीमार्फत.

माझं काम काय, तर बाईंनी खूण केली की उभं राहायचं, ‘रिपीट आफ्टर मी’ म्हणायचं, दहा शब्द वाचायचे आणि बसायचं. तासाला काय घ्यायचंय ते आधी कुणी सांगत नाही. परवा मिडल स्कूलच्या बाईंनी पुस्तकासोबतचं रेकॉर्डिंग लावलं आणि मुलांना म्हणाल्या, उच्चार असे करा. मी शेजारी उभी होते. परीक्षेच्या दिवसांत सकाळपासून चारपर्यंत शिक्षक-खोलीत नुसती बसून असते. शाकाहारी असल्याने शाळेच्या जेवणात भात आणि दूध एवढंच घेते, आणि तीस मुलं माझ्या ताटाकडे बघत असतात. ऑगस्टचा पगार अर्धाच आला. घरात इतकी थंडी की खोबरेलाचा नोव्हेंबरपासून दगड झालाय. आणि तिकडे आई सगळ्यांना सांगते, पोरगी जपानमध्ये प्रोफेसर आहे.

पुढच्या वर्षी राहणार की नाही, असा कंपनीचा फॉर्म आलाय. जानेवारीअखेर द्यायचाय. बाबा म्हणतात राहा, मैत्रीण म्हणते परत ये. तुम्ही तिथे शिकवलंय. सही करू का? — टेप रेकॉर्डर»

प्रिय टेप रेकॉर्डर,

नाव तूच घेतलंस, म्हणून त्याच नावाने हाक मारते.

उत्तर आधी देऊन टाकते: सही कर. पण एकाच वर्षासाठी, आणि फॉर्म पाठवण्याआधी कंपनीला काही प्रश्न विचारून. ते प्रश्न कोणते, त्याकडे येतेच. त्याआधी रेकॉर्डिंगचं बोलू, कारण तुझ्या पत्रातलं खरं दुखणं तेच आहे. थंडी आणि पगार मागाहून त्यावर चढलेत.

मी जपानमध्ये सहा वर्षं होते, 2004 ते 2010, शेवटची तीन तुझ्यासारखीच शाळांत. पहिली तीन वर्षं एका खाजगी ‘एइकाइवा’त, म्हणजे इंग्रजी संभाषणाच्या शिकवणीत. तिथल्या मॅनेजरने पहिल्याच आठवड्यात फार अदबीने सुचवलं, की विद्यार्थ्यांनी विचारलं तर ‘मी लंडनची’ असं सांगितलेलं बरं. मी तोवर लंडन नकाशातच पाहिलेलं. एका आजोबांनी विचारलं, थेम्सचं पाणी दिसतं कसं हो? मी म्हटलं, मुळा-मुठेसारखं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. तेव्हा मला हसू आलं होतं, पण त्या रात्री घरी गेल्यावर नाही आलं. तेव्हा तुझ्या बाईंनी जे केलं त्यात तुझा रंग आणि पासपोर्ट अजिबात नाही, असं मी तुला सांगणार नाही. थोडा असतो. तिथे ‘नेटिव्ह’ हा शब्द भाषेपेक्षा चेहऱ्याबद्दल जास्त बोलतो.

पण सगळंच तेवढं नाही. बाईंच्या डोक्यात काय असतं बघ. मिडल स्कूलची मुलं हायस्कूलच्या प्रवेश परीक्षेला बसतात, त्यात इंग्रजी ऐकून उत्तरं लिहायचा भाग असतो आणि तो त्या रेकॉर्डिंगसारख्याच आवाजात येतो. बाई परीक्षेची तयारी करून घेत होत्या. तुला शेजारी उभं ठेवून करायला नको होती, हे माझंही मत. मात्र त्यांनी मुद्दाम तुझा पाणउतारा केला, असं मला वाटत नाही.

आता ‘आधी कुणी काही सांगत नाही’ हे. याची कारणं मला दुसऱ्या शाळेत गेल्यावर उमगली, आणि तोवर मी वर्षभर फुकट कुढले होते.

एक कारण कागदावरचं आहे. कंपनी तुला शाळेत दोन प्रकारे पाठवू शकते. ‘हाकेन’ असेल, म्हणजे कंपनीने नुसता माणूस पुरवलेला असेल, तर शाळेतले शिक्षक तुला थेट काम सांगू शकतात. ‘ग्योमु इताकु’ असेल, म्हणजे कंपनीने अख्खं काम ठेक्याने घेतलेलं असेल, तर कायद्याने शाळेने तुला थेट सूचना द्यायच्याच नसतात. सगळं कंपनीमार्फत जायला हवं. म्हणजे शेजारी उभी असलेली बाई तुला ‘पान बारा वाच’ म्हणाली तरी कागदोपत्री ती चूक ठरते. विचित्र आहे, पण आहे. काही मुख्याध्यापक या भीतीने शिक्षकांना सांगूनच ठेवतात, की तिच्याशी कामाचं फार बोलू नका. तुझा करार यातला कुठला, हा कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न.

दुसरं कारण म्हणजे त्या बाईंना श्वास घ्यायला वेळ नसतो. ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेच्या 2018 च्या पाहणीत जपानच्या मिडल स्कूलचे शिक्षक आठवड्याला सरासरी 56 तास काम करताना आढळले, सहभागी देशांत सगळ्यात जास्त. त्यात शिकवणं कमी. क्लब, सभा, पालकांचे फोन आणि कागदच जास्त. दोन तासांच्या मधल्या दहा मिनिटांत त्या तुझ्याशी नियोजन करणार, ही अपेक्षा सोड.

आणि प्राथमिक शाळेतली गोष्ट तर वेगळीच. तिथे पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला तो 2020 पासून. शिकवतात पुष्कळ ठिकाणी वर्गशिक्षकच, ज्यांनी शाळा सुटल्यावर इंग्रजी कधी तोंडातून काढलेलं नसतं. अख्ख्या वर्गासमोर आपली चूक उघडी पडेल याचा त्यांना धसका असतो. तू त्यांना सहायक वाटत नाहीस, परीक्षक वाटतेस. माझ्या एका वर्गशिक्षकांनी दीड वर्षाने, वर्षअखेरच्या पार्टीत दोन ग्लास पोटात गेल्यावर सांगितलं की तुम्ही वर्गात आलात की माझे हात गार पडायचे. मला वाटायचं, त्यांना मी आवडत नाही.

तेव्हा वाट बघत बसू नकोस आणि मोठी मागणीही करू नकोस. शुक्रवारी निघताना त्यांच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेव. वर ‘ओइसोगाशिइ तोकोरो सुमिमासेन’, म्हणजे कामाच्या गडबडीत त्रास देते. खाली दोनच ओळी: पुढच्या आठवड्यात कुठलं पान? शेवटची पाच मिनिटं मला मिळतील का, मी हे करीन. आणि ‘हे’ काय ते चित्र काढून दाखव. पंचेचाळीस मिनिटं मागितलीस तर नकार न देता नुसतं ‘बघू’ म्हणतील, आणि तिथलं ‘बघू’ कसं असतं ते एव्हाना तुला कळलं असेल. पाच मिनिटं मात्र मिळतात. मला तरी प्रत्येक शाळेत मिळाली.

त्या पाच मिनिटांत काय करायचं, तर जे रेकॉर्डिंगला येत नाही ते. तू इचलकरंजीची आहेस हे लपवायचं तर नाहीच, उलट त्याचंच भांडवल कर.

फळ्यावर देवनागरीत लिही: अ, इ, उ, ए, ओ. मग क, त, न, म, य, र. वर्गाला वाचायला सांग. जपानी मुलं पहिलीत जी वर्णमाला पाठ करतात, आ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा, तिचा क्रम आपल्याच बाराखडीच्या घरचा आहे. संस्कृत शिकलेल्या बौद्ध भिक्षूंमार्फत तो तिकडे गेला. ‘ह’ मधेच ‘न’ आणि ‘म’च्या मध्ये का बसलाय, हा प्रश्न तुलाही पडला असेल. जुन्या जपानीत त्याचा उच्चार ‘प’ होता. म्हणजे तो बरोबर आपल्या प-वर्गाच्या जागी बसलाय! हे मला कळलं तेव्हा मी शिक्षक-खोलीत एकटीच टाळी वाजवली होती आणि उपमुख्याध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं होतं.

मग मुलांची नावं. ‘व्हॉट्स युअर नेम? हाउ डू यू स्पेल इट?’ हे पाचवीच्या पुस्तकातलंच आहे, तेव्हा बाईंनाही हरकत घेता येणार नाही. प्रत्येकाने इंग्रजीत नाव आणि स्पेलिंग सांगायचं, तू कार्डावर देवनागरीत लिहून द्यायचंस. शब्द पुस्तकातलेच, पण कार्ड हवं म्हणून बोलायचं. माझ्या एका वर्गातल्या मुलाचे आजोबा देवळात पुजारी होते. दुसऱ्या दिवशी तो एका लाकडी पट्टीचा फोटो घेऊन आला. तिथल्या कबरींमागे अशा उंच पट्ट्या उभ्या असतात, आणि त्यांवर ‘बोन्जि’, म्हणजे सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली संस्कृत अक्षरं असतात. ‘सेन्सेई (बाई), हे वाचा.’ मला त्यातला फक्त ‘अ’ ओळखता आला, तोही अंदाजाने. पण त्यानंतर त्या शाळेत मला कुणी लंडनबद्दल विचारलं नाही.

आणि तुझं गाव ओकायामात आहे, म्हणजे मोमोतारोच्या मुलखात. पीचमधून जन्मलेल्या त्या पोराची गोष्ट तिथल्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ असते. ती तू इंग्रजीत सांग आणि मधेच चुकव. त्याच्या सोबतच्या माकडाऐवजी म्हैस आण. अख्खा वर्ग ‘नो! नो!’ करत उठतो आणि दुरुस्त करायला इंग्रजी शोधतो.

जेवणाचं. मुलं बघतात ती कुचेष्टेने नव्हे. तिथे जेवण हा शाळेच्या शिक्षणाचाच भाग आहे. पांढरे एप्रन घालून मुलंच वाढतात, आणि ताट संपवायचं असतं हे त्यांच्यावर पहिलीपासून बिंबवलेलं. मोठी माणसं ताटात टाकतात हे त्यांना नवल वाटतं. दर महिन्याला ‘कोनदातेह्यो’ मिळतं ना, महिन्याच्या जेवणाचा तक्ता? त्यात कुठल्या पदार्थात काय घातलंय ते लाल, पिवळ्या, हिरव्या गटांत लिहिलेलं असतं. भाषांतराचं ॲप धरून एक महिना नीट वाच. मिसो सूपमध्ये आणि साध्या दिसणाऱ्या भाजीतही ‘दाशी’ असते, म्हणजे बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क. मी पहिले दोन महिने ते सूप भक्तिभावाने पीत होते. कळलं तेव्हा घरी काही सांगितलं नाही. आज इथे पहिल्यांदाच सांगतेय. ‘मी मांस खात नाही’ म्हणालीस तर तिथे हॅम आणि मासा चालतो असं धरतात, म्हणून काय काय नको ते एकेक नाव घेऊन सांग.

सगळ्यात बरं म्हणजे आहारतज्ज्ञांना, ‘एइयोशी’ म्हणतात त्यांना, भेटून पुढच्या महिन्यापासून शाळेचं जेवण बंद करायचं आणि स्वतःचा डबा न्यायचा. पैसेही वाचतात. डबा मुलांमध्ये बसूनच खा. ‘धिस इज थालीपीठ’ एवढं एक वाक्य दर आठवड्याला बदलत राहिलीस, तर त्यातून एक पाठ होतो.

आता कंपनीचे प्रश्न आणि पैसे. हे बाबांना वाचून दाखव.

ऑगस्टचा पगार शाळा बंद म्हणून कापला जातो, तो करारात लिहिलेला असतो. डिसेंबर आणि मार्चचंही तपास. कंपनीला लेखी विचार की पुढच्या वर्षी कुठल्या महिन्यात किती मिळणार. मग पगारपत्रकात बघ: ‘केनको होकेन’ आणि ‘कोसेइ नेनकिन’, म्हणजे आरोग्य विमा आणि पेन्शन, कापलं जातंय का? काही कंपन्या आठवड्याचे तास कायद्याच्या मर्यादेच्या जरा खाली ठेवतात, म्हणजे त्यांना आपला वाटा भरावा लागत नाही, आणि मग विमा आणि पेन्शन दोन्ही तुलाच नगरपालिकेत जाऊन भरावं लागतं. तुझे तास किती लिहिलेत ते पाहा.

आणि एक गोष्ट बहुतेक कंपन्या आपणहून सांगत नाहीत. जपानमध्ये रहिवासी कर, ‘जूमिनझेई’, आदल्या वर्षीच्या मिळकतीवर लागतो. पहिल्या वर्षी तुला तो नव्हता, म्हणून हातात जास्त पैसे आले. येत्या जूनपासून लागेल, करपात्र मिळकतीच्या साधारण दहा टक्के. पगार तोच आणि हातात कमी, असं होईल तेव्हा घाबरू नकोस. आणि 1 जानेवारीला तू तिथे राहत होतीस, म्हणून मार्चमध्ये परत आलीस तरी हा कर भरावा लागणारच. तेव्हा ‘कर चुकवायला परत येते’ हे कारण बाद. पेन्शन भरली असशील, किमान सहा महिने, तर देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करून त्यातली काही रक्कम एकरकमी मिळते. मात्र भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार 1 ऑक्टोबर 2016 पासून लागू आहे, आणि एकरकमी पैसे उचललेस तर तो काळ पुढे पेन्शनच्या हिशेबात धरला जात नाही. घाईने अर्ज करू नकोस.

अर्ध्या पगाराच्या महिन्यांत खाजगी शिकवण्या घ्याव्यात असं कुणीतरी सुचवेल. तुझा व्हिसा शाळेत शिकवण्याचा आहे. बाहेर पैसे घेऊन शिकवायचं तर आधी इमिग्रेशनची परवानगी काढावी लागते. परवानगीशिवाय एकही तास घेऊ नकोस.

थंडीबद्दल एवढंच, की सगळं घर गरम करायचा नाद सोड आणि एक कोतात्सु घे, म्हणजे पांघरूण घातलेलं, खालून गरम होणारं बुटकं मेज. जुन्या सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळतो. केरोसिनचा हीटर लावत असशील तर तासाला एकदा खिडकी उघडायची, कितीही जिवावर आलं तरी.

आता मुख्य अडचण. सही कर म्हटलं, पण एकाच वर्षाची का? कारण सहायक शिक्षिकेला वर चढायला पायरी नाही. पहिल्या वर्षीचं काम आणि दहाव्या वर्षीचं काम एकच, पगारातही फारसा फरक नाही. ‘जेट’ या सरकारी योजनेत, जी 1987 पासून चालू आहे, सहायकाला जास्तीत जास्त पाच वर्षं राहू देतात. कंपनीच्या नोकरीत तसं बंधन नाही, आणि गोची तिथेच आहे. मी चाळिशीतली चांगली माणसं पाहिली, दर मार्चला ‘यंदा शेवटचं’ म्हणणारी. इथे बसून तुला हे सोपं सांगतेय; मला स्वतःला मात्र तीन मार्च लागले.

म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न: या वर्षात तू जपानी किती शिकणार? तू पत्रात भाषेचं एक अक्षर लिहिलेलं नाहीस, त्यावरून मला शंका आहे. शिक्षक-खोलीत रिकामी बसतेस म्हणतेस, तर पगार देऊन कुणी अभ्यासाला बसवलंय असं समज आणि पुस्तक उघड. आपल्याला ती भाषा इंग्रज-अमेरिकनांपेक्षा लवकर येते. ‘वाताशि वा गाक्को नि इकिमास’ — मी शाळेत जाते. शब्दांचा क्रम तोच, प्रत्यय शब्दामागेच, क्रियापद शेवटीच. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, एन-फाइव्ह सगळ्यात सोपी, एन-वन सगळ्यात अवघड. डिसेंबरला एन-थ्री दे, त्याच्या पुढच्या डिसेंबरला एन-टू. एन-टू आणि इंग्रजीची एम.ए. हातात असली की शाळेबाहेरच्या नोकऱ्यांकडे बघता येतं. तिथेच किंवा पुण्यातही, जिथे जपानी कंपन्यांना अशी माणसं कायम लागतात. मराठी माणूस तिथल्या शाळेत वरपर्यंत जात नाही असंही नाही. योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये टोक्योच्या एदोगावा विभागाच्या सभेत निवडून आले आणि पुढे इबाराकीतल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. पण ते सहायकाच्या खुर्चीतून चढत गेले नाहीत, आधी आयटी आणि बँकेत होते, आणि जपानी तर पक्कं.

यंदाच्या डिसेंबरपर्यंत एन-थ्री झालं नाही, तर पुढच्या जानेवारीत फॉर्म येईल तेव्हा सही करू नकोस आणि मला पत्रही लिहू नकोस. परत ये.

गावातल्या ‘कोमिनकान’मध्ये, म्हणजे सार्वजनिक सभागृहात, विचारून बघ, पुष्कळ ठिकाणी निवृत्त मंडळी परदेशी लोकांना फुकट किंवा नाममात्र पैशात जपानी शिकवतात. तिथे बोलायलाही माणसं भेटतील, जी तुला इंग्रजीसाठी शोधत आलेली नसतील. आणि एखाद्या रविवारी ओकायामा शहरात जाऊन कोराकुएन बाग बघून ये. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरची पु.ल. देशपांडे उद्यान म्हणतात ती बाग त्याच बागेवरून केलेली आहे. आमच्यासारख्या लोकांना घर आठवायला तिथे जावंसं वाटतं, आणि पुण्यात आल्यावर जपान आठवायला इथल्या बागेत. त्यात काही अर्थ नाही, पण जा.

आई प्रोफेसर म्हणते त्याला म्हणू दे. शिक्षिका काय नि प्रोफेसर काय, ‘सेन्सेई’ दोघांनाही म्हणतात. फक्त तिला एवढं सांग, की तिची आठची मालिका संपून फोन करते तेव्हा तुझ्याकडे मध्यरात्र झालेली असते.

आणि पुढच्या पार्सलात पापड नको, मेतकूट मागव. डब्यातल्या भातावर घातलंस की मुलं विचारणारच, ‘फिश?’ मेतकुटात मासा नसतो हे एइयोशीबाईंना आधीच सांगून ठेव.